यंत्र जोडलं, ड्रायव्हर टाकला, तरी सोय चालत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळमन्यातला इलेक्ट्रॉनिक काटा, इतवारीतल्या काउंटरवरचा बिलाचा प्रिंटर, आपले सरकार सेवा केंद्रातलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र, शाळेतली उबुंटूची लॅब. नागपुरात संगणकाला काहीबाही जोडून ज्यांचं रोजचं काम चालतं, त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र संगणकाला चालवता यावं म्हणून टाकायचं छोटं सॉफ्टवेअर. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे, उबुंटूचं शेवटाकडे वेगळं आहे. पडद्यावरची बटणांची नावं इंग्रजीत दिसतील, इथे ती देवनागरीत दिली आहेत.

ड्रायव्हर टाकलेला आहे. मग यंत्राची एखादी सोय चालू-बंद नेमकी कुठून होते?

चार ठिकाणांहून, आणि चारही ठिकाणी होकार असल्याशिवाय ती चालत नाही. पहिलं ठिकाण बायोस (आताचं यूईएफआय), म्हणजे संगणक चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारी सेटिंग. दुसरं ड्रायव्हरचं स्वतःचं पान. तिसरं विंडोजचा पॉवर प्लॅन, म्हणजे वीज वाचवण्याची सेटिंग. चौथं ते यंत्र वापरणारं सॉफ्टवेअर. बहुतेक जण यातल्या एकाच ठिकाणी बघतात, सगळं बरोबर दिसतं, आणि मग 'ड्रायव्हर खराब आहे' म्हणून फॉरमॅट मारतात. फॉरमॅटनंतर दोन दिवस बरं चाललं तर समजा, सेटिंग मूळ पदावर आली एवढंच झालं.

ड्रायव्हरच्या पानावर जायला विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा, यंत्राच्या नावावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. कामाचे टॅब तीन-चारच असतात: 'ॲडव्हान्स्ड', 'पॉवर मॅनेजमेंट', सीरियल पोर्टला (काट्यासारखी यंत्रं जोडायचं जुन्या पद्धतीचं छिद्र, विंडोजमध्ये ते 'कॉम' नावाने दिसतं) 'पोर्ट सेटिंग्ज', डिस्कला 'पॉलिसीज'. टॅबच नसेल तर दोन शक्यता. एक, मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसलेला आहे आणि त्यात त्या सोयीची खिडकीच नाही. दुसरी, लॅपटॉप 'मॉडर्न स्टँडबाय' पद्धतीचा, म्हणजे झोपेतही मोबाइलसारखा अर्धवट जागा राहणारा आहे. अशा लॅपटॉपवर 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब विंडोज स्वतःच लपवतं, तिथे नवा ड्रायव्हर टाकून काही होणार नाही.

बदल करण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आणखी एक: नेटवर्क कार्डाची 'ॲडव्हान्स्ड' सेटिंग बदलली की कार्ड काही सेकंद बंद होऊन पुन्हा चालू होतं. रिमोटवरून काम करत असाल तर ज्या फांदीवर बसला आहात तीच कापाल.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आहे आणि नाव 'अननोन डिव्हाइस'. ड्रायव्हर कोणता शोधायचा?

नावावरून शोधू नका, क्रमांकावरून शोधा. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स' टॅब, त्यातल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. आतल्या कार्डांसाठी व्हेंडरचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा, क्रमांक दिसेल: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. यूएसबी-सीरियल केबलसाठी ०४०३ म्हणजे एफटीडीआय, ०६७बी प्रोलिफिक, १ए८६ म्हणजे सीएच३४० ची चिप, १०सी४ सिलिकॉन लॅब्स. केबलच्या पाकिटावर काहीही छापलेलं असो, आत कोणती चिप आहे ते हा क्रमांकच सांगतो.

'जनरल' टॅबवरचा एरर कोडही वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. २२ म्हणजे कुणीतरी यंत्र बंद करून ठेवलंय, फक्त 'इनेबल' करा. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही. ४३ म्हणजे यंत्राकडूनच बिघाड झाल्याचा निरोप आला. यूएसबीचं यंत्र असेल तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. ४५ म्हणजे यंत्र आत्ता जोडलेलं नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही.

काटा जोडून संगणक सुरू केला की माउसचा बाण आपोआप पळतो, नको तिथे क्लिक होतात. व्हायरस आहे का?

नाही. विंडोज काट्यालाच माउस समजतंय. जुन्या काळी माउस सीरियल पोर्टला लागायचा, म्हणून विंडोज सुरू होताना प्रत्येक सीरियल पोर्टवर कान लावून बसतं. बरेच काटे तर न विचारता सतत वजन पाठवत असतात. त्या आकड्यांचा ओघ विंडोजला माउसच्या हालचालीसारखा वाटतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट' नावाची एक भुताटकी उगवते.

लगेचचा उपाय: काट्याची केबल काढा, बाण थांबेल. मग केबल लावून कीबोर्डच्या मदतीने त्या बॉलपॉइंटवर जा आणि 'डिसेबल' करा. 'अनइन्स्टॉल' करू नका, पुढच्या वेळी तो पुन्हा येईल. केबल एफटीडीआयची असेल तर मुळावरच घाव घालता येतो. 'पोर्ट्स' खालच्या त्या पोर्टच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट सेटिंग्ज', तिथे 'ॲडव्हान्स्ड', आणि 'सीरियल एन्युमरेटर' समोरची खूण काढून टाका. मग त्या पोर्टवर काय लागलंय ते ओळखायचा प्रयत्नच विंडोज करत नाही.

काट्याचं वजन संगणकावर येत नाही, किंवा येतं पण भलतीच अक्षरं दिसतात.

जे दिसतंय त्यावरून दोष कुठे आहे ते ठरतं. सगळाच कचरा येत असेल तर बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, जुळत नाही. काट्यांमध्ये ९६००, ४८००, २४०० आणि १२०० हे नेहमीचे. काही आकडे बरोबर आणि काही विचित्र चिन्हं असतील तर डेटा बिट (एका अक्षराला किती बिट) आणि पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) तपासा: एक बाजू ८ बिट विना पॅरिटी आणि दुसरी ७ बिट सम पॅरिटी असली की असंच होतं. काहीच येत नसेल तर तारा. संगणकाच्या ९ पिनी पोर्टमध्ये २ नंबरवर माहिती आत येते, ३ नंबरवरून बाहेर जाते आणि ५ नंबर ग्राउंड. काट्याचीही रचना तशीच असेल तर २ आणि ३ उलटसुलट जोडणारी केबल लागते. सरळ केबल लावली तर दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही.

इथे एक गोम आहे. डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'पोर्ट सेटिंग्ज'मध्ये बॉड रेट बदलून बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण बिलिंगचं सॉफ्टवेअर पोर्ट उघडताना स्वतःचा बॉड रेट लावतं. म्हणून तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये बदला.

कालपर्यंत काटा 'कॉम ३' वर होता, आज 'कॉम ७' झाला. सॉफ्टवेअरला सापडत नाही.

केबल दुसऱ्या यूएसबी छिद्रात लावली असेल. एफटीडीआयच्या चिपमध्ये बहुधा स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे कुठेही लावा, कॉम नंबर तोच राहतो. सीएच३४० च्या स्वस्त केबलमध्ये तो सहसा नसतो. मग विंडोज छिद्रावरून ओळख ठेवतं आणि छिद्र बदललं की नवा नंबर देतं. छिद्राला आणि केबलला एकाच रंगाची टेप लावून टाका, वाद मिटला.

नंबर परत हवा असेल तर 'पोर्ट सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड', खाली 'कॉम पोर्ट नंबर'. हवा तो नंबर 'इन यूज' दिसत असेल तर तो बहुतेक जुन्या, आता न जोडलेल्या केबलच्या नावावर अडकलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' करा, फिकट दिसणारे जुने पोर्ट अनइन्स्टॉल करा, मग नंबर मोकळा होतो.

वजन दिसतं पण अर्धा क्षण उशिरा. मिरचीच्या हंगामात रांग लागते तेव्हा हे फार जाणवतं.

एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये 'लेटन्सी टायमर' असतो, मूळ आकडा १६ मिलिसेकंद. चिप आलेली अक्षरं साठवते आणि पुरेशी जमली, म्हणजे ६२ बाइट झाली, की पुढे पाठवते. तेवढी जमली नाहीत तर टायमर संपेपर्यंत थांबते. काट्याचा एक निरोप दहा-पंधरा अक्षरांचा, म्हणून दर वेळी टायमरच संपावा लागतो. आकडा १ किंवा २ वर आणा, तोटा काही नाही. पण स्पष्ट सांगायचं तर १६ मिलिसेकंद माणसाला जाणवत नाहीत. सॉफ्टवेअर काट्याला विचारतं, उत्तराची वाट बघतं, पुन्हा विचारतं, अशी पाच-सहा ये-जा असेल तरच हा उशीर साचून दिसू लागतो. नाहीतर काट्यातलंच 'वजन स्थिर झाल्यावर पाठव' हे फिल्टर मंद ठेवलेलं असतं. ते काट्याच्या मेनूत बदलायचं, संगणकात नाही. व्यापारासाठी मुद्रांकित केलेल्या काट्याचं सील मात्र स्वतः तोडू नका, ते काम वैधमापन परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याचं.

प्रोलिफिकची केबल विंडोज ११ वर 'ही चिप २०१२ पासून बंद' असा निरोप देते.

नवा ड्रायव्हर जुन्या चिपला आणि तिच्या नकलांना मुद्दाम नाकारतो. 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक' या वाटेने गेलात आणि यादीत जुनी आवृत्ती दिसली तर ती निवडा, केबल चालेल. विंडोज अपडेट ती पुन्हा बदलू शकतं, म्हणून ही तात्पुरती मलमपट्टी समजा. २०१४ मध्ये एफटीडीआयनेही नकली चिपचा ओळखक्रमांक शून्य करून टाकणारा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून सोडला होता आणि जगभर केबल्स मेल्या होत्या. धंदा ज्या केबलवर आहे ती सीताबर्डीच्या बाजारात घेताना स्वस्तातली घेऊ नये, एवढाच त्यातला धडा.

सेवा केंद्रातलं ठसे घेणारं यंत्र दहा-पंधरा मिनिटं वापरलं नाही की 'डिव्हाइस नॉट फाउंड' म्हणतं. काढून लावलं की चालतं.

यूएसबी झोपतंय. दोन ठिकाणी बदल करा. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, बॅटरी आणि वीज दोन्हींसाठी. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ची खूण काढा. रूट हब दोन-तीन असतात, सगळ्यांची काढा. ठसे यंत्र, सही-टोकन आणि प्रिंटर सगळे स्वतःची वीज नसलेल्या एकाच हबवर (एका छिद्राची अनेक छिद्रं करणारी डबी) लटकवले असतील तर या सेटिंगने भागणार नाही. यूएसबी २ चं छिद्र ५०० मिलिअँपियर देतं आणि तेवढ्यातच सगळ्यांना वाटून घ्यावं लागतं. ठसे यंत्र थेट संगणकाच्या मागच्या छिद्रात लावा.

बिलाच्या प्रिंटरवर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. रुपयाचं चिन्हही येत नाही.

थर्मल प्रिंटर दोन पद्धतीने छापतो. सॉफ्टवेअर नुसती अक्षरं पाठवतं तेव्हा प्रिंटर आपल्या पोटातला फॉन्ट वापरतो. त्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसते, आणि रुपयाचं चिन्ह तर २०१० मध्ये आलं, प्रिंटरमधले अक्षरतक्ते त्याहून जुने. 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर टाकला की हीच पद्धत चालते, म्हणून प्रश्नचिन्हं. दुसऱ्या पद्धतीत विंडोज पूर्ण बिलाचं चित्र बनवतं आणि प्रिंटर ठिपके छापतो. त्यासाठी त्या मॉडेलचा खरा ड्रायव्हर टाका आणि बिलाच्या नमुन्यात 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' फॉन्ट ठेवा. २०३ डीपीआय म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके, त्यामुळे ९ पॉइंटपेक्षा लहान मराठीत वेलांट्या आणि रफार एकमेकांत मिसळतात. गर्दीच्या काउंटरवर वेगच हवा असेल तर जुनी पद्धत ठेवा आणि चिन्हाऐवजी इंग्रजीत 'आरएस' छापा.

बिलाची उजवी बाजू, नेमका रकमेचा रकाना, कापला जातो.

ड्रायव्हरमध्ये ८० मिलिमीटर आणि प्रिंटरमध्ये ५८ चा रोल. ८० च्या रोलवर छपाईची रुंदी ७२ मिलिमीटर, म्हणजे ५७६ ठिपके. ५८ च्या रोलवर ४८ मिलिमीटर, ३८४ ठिपके. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये कागद बदला. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'ही बदला, नाहीतर संगणकाच्या दुसऱ्या यूजरला जुनाच कागद मिळतो. बिल संपल्यावर वीतभर कोरा कागद बाहेर येत असेल तर २९७ मिलिमीटरचं ठरावीक पान निवडलेलं आहे, त्याऐवजी अखंड रोल निवडा. छपाई फिकी असेल तर 'डेन्सिटी' एकेक पायरी वाढवा. एकदम शेवटच्या टोकाला नेली की हेड लवकर झिजतं. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत राहिलेला रोल छापण्याआधीच करडा पडतो, त्याचा दोष सेटिंगला देऊ नका.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात छापील बिल्टीवर डॉट मॅट्रिक्सने छापतो. पहिली बरोबर, दहावीपर्यंत ओळी रकान्याबाहेर.

कागदाची लांबी चुकीची दिलेली आहे. एका बिल्टीला एक षष्ठांश इंच, म्हणजे नेमकी एक ओळ, चुकली तरी बारा बिल्ट्यांनंतर २ इंच सरकतं. फूटपट्टीने छिद्रपट्टीच्या एका दुमडीपासून दुसऱ्या दुमडीपर्यंत मोजा. विंडोजच्या प्रिंटर यादीत 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडा, 'क्रिएट अ न्यू फॉर्म'वर खूण करा, मोजलेली रुंदी-लांबी भरा, समास शून्य ठेवा, नाव द्या. मग प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये तेच नाव निवडा. प्रिंटरवरचं कागद फाडण्यासाठी पुढे सरकवणारं 'टिअर ऑफ' चालू असेल तर सुरुवातीची जागाही तपासा.

नेटवर्कचा प्रिंटर चालू असून 'ऑफलाइन' दिसतो.

प्रिंटरच्या 'पोर्ट्स' टॅबवर डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधणारा) पोर्ट असेल तर त्याऐवजी 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' बनवा, 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस' (प्रिंटरला त्याची स्थिती विचारणारी सोय) बंद करा, आणि राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. यातलं शेवटचं विसरलं की लाइन जाऊन आल्यावर पुन्हा तीच तक्रार.

गिगाबिट स्विच आणि कार्ड असून वेग १०० एमबीपीएसच.

'स्पीड अँड डुप्लेक्स'ला हात लावण्याआधी केबल बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणून एक तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल वापरली, की कार्ड गुपचूप १०० वर उतरतं. कार्ड 'ऑटो निगोशिएशन'वरच राहू द्या. एका बाजूला '१०० फुल' ठोकून बसवलं आणि दुसरी बाजू ऑटो राहिली, तर ऑटो बाजूला समोरचा डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं-ऐकणं म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ) कळत नाही आणि ती हाफ धरते. पिंग बरोबर येतं, मोठी फाइल पाठवली की रडतं. दोष शोधायला सगळ्यात त्रासदायक प्रकार हाच.

नेट दर काही मिनिटांनी क्षणभर तुटत असेल आणि स्विच जुना असेल तर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करून बघा. 'जम्बो फ्रेम', म्हणजे माहिती नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत पाठवणं, बंदच ठेवा. स्विच आणि सगळी यंत्रं ती पेलणारी असतील तरच तिचा उपयोग, नाहीतर अर्धं जाळं मुकं होतं.

घरून ऑफिसचा संगणक चालू करायचा आहे. 'वेक ऑन लॅन' लावलं, चालत नाही.

चार ठिकाणांचं हे उत्तम उदाहरण. बायोसमध्ये 'वेक ऑन लॅन' चालू आणि 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' बंद, कारण ते कार्डाची वीजच तोडतं. ड्रायव्हरच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' (मॅजिक पॅकेट म्हणजे संगणक जागा करणारा निरोप) चालू, रिअलटेकवर 'शटडाउन वेक ऑन लॅन' वेगळं असतं तेही चालू. 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक' आणि 'ओन्ली मॅजिक पॅकेट' या दोन्हींवर खूण. दुसरी विसरली तर नको तेव्हा संगणक जागा होईल. विंडोजच्या पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद. शटडाउन करून कार्डाचा दिवा बघा: विझला असेल तर दोष अजून बायोसकडे, लुकलुकत असेल तर ड्रायव्हर किंवा पॅकेटकडे. पॅकेट १०२ बाइटचं असतं, ६ वेळा एफएफ आणि मग कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, १६ वेळा. ते राउटर ओलांडून सहसा जात नाही, म्हणून ऑफिसात कायम चालू असलेल्या एखाद्या यंत्रावरूनच पाठवावं लागतं. आणि रात्री लाइन गेली असेल तर कार्ड पूर्ण थंड झालेलं असतं. बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस'नंतर 'ऑन' ठेवलं की ही अडचणही सुटते.

वायफाय बाजूच्या खोलीतही रडतं. शेजारच्या लॅपटॉपला दिसणारं नाव माझ्या लॅपटॉपला दिसतच नाही.

भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेसाठी बांधलेलं कार्ड बहुधा ११ वर थांबतं. राउटर १२ किंवा १३ वर गेला की ते नाव गायब. राउटर १, ६ किंवा ११ वर बांधून टाका. ड्रायव्हरमध्ये 'प्रिफर्ड बँड' ५ गिगाहर्ट्झ, २.४ ची 'चॅनेल विड्थ' २० मेगाहर्ट्झ, आणि एकच राउटर असेल तर 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' सगळ्यात कमी.

उन्हाळ्यात दुपारी संगणक कासवासारखा होतो. ड्रायव्हरने काही करता येतं?

थोडंफार. बाहेर ४५ अंश असताना कॅबिनेटमध्ये जाणारी हवाच तापलेली असते. प्रोसेसर आपल्या कमाल तापमानाजवळ, बऱ्याच लॅपटॉपमध्ये १०० अंशांजवळ, पोचला की स्वतःच वेग कमी करतो. पॉवर प्लॅनमध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट', 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल, पण ९९ केलं की बहुतेक प्रोसेसरचा टर्बो (गरजेपुरता वाढवलेला वेग) बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. टॅली आणि ब्राउझरच्या कामात फरक कळतही नाही. 'सिस्टम कूलिंग पॉलिसी' 'ॲक्टिव्ह' ठेवा, म्हणजे आधी पंखा वाढेल, मग वेग कमी होईल.

तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एखादाच आकडा भयंकर दिसला तर आधी सेन्सरवर संशय घ्या. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते, आणि तो सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. मदरबोर्डवरचं न जोडलेलं सेन्सरही असंच १२७ अंश दाखवतं.

कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ओलसर हवेने रॅमचे सोनेरी पट्टे काळवंडतात आणि जूनमध्ये 'ड्रायव्हर क्रॅश' म्हणून जे निळे पडदे येतात त्यातले कितीतरी रॅम काढून खोडरबराने पुसल्यावर थांबतात.

नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडीच दिसत नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडलेल्या स्वरूपात पेनड्राइव्हवर ठेवा (नुसती चालवायची फाइल इथे कामाची नाही) आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' करा.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. कोऱ्या डिस्कवर ते चालेल. पण आधीच बसलेल्या विंडोजखाली ते बदललं की 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'चा निळा पडदा येतो. तसं करायचंच असेल तर आधी 'एमएसकॉन्फिग'मध्ये 'सेफ बूट' लावा, रीस्टार्टला बायोस बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग 'सेफ बूट' काढा. त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवा. बायोस बदलला की तो ती मागतो, आणि ती नसेल तर आतली माहिती गेली.

विंडोज ११ केल्यापासून जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर चालेना. 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करू का?

'मेमरी इंटिग्रिटी' म्हणजे धोकादायक ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारं संरक्षण. आधी 'विंडोज सिक्युरिटी', 'डिव्हाइस सिक्युरिटी', 'कोअर आयसोलेशन'मध्ये अडलेल्या ड्रायव्हरची यादी बघा. तिथे स्कॅनरचं नाव नसेल तर तो पर्याय बंद करून काहीच मिळणार नाही. नाव असेल तर नवा ड्रायव्हर शोधा. बँकेचं काम ज्या संगणकावर होतं तिथे ते संरक्षण काढू नका. जुन्या स्कॅनरला जुना संगणक द्या आणि तो इंटरनेटवरून तोडा. सही नसलेला ड्रायव्हर चालावा म्हणून 'टेस्ट मोड' कायम ठेवणं तर दार उघडं टाकून झोपणं आहे.

शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू आहे. तिथे 'ॲडव्हान्स्ड' टॅब कुठे?

तसा टॅब नाही. ड्रायव्हरला तिथे मॉड्यूल म्हणतात आणि सेटिंगला पॅरामीटर. 'मॉडइन्फो' आणि पुढे मॉड्यूलचं नाव दिलं की कोणते पॅरामीटर आहेत ते दिसतं. कायमचा बदल 'ईटीसी'मधल्या 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरात नवी फाइल करून, शेवट 'डॉट कॉन्फ' ठेवून. आत एकच ओळ: 'ऑप्शन्स', मॉड्यूलचं नाव, पॅरामीटर बरोबर किंमत. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. रीस्टार्टनंतर 'सिस' खालच्या 'मॉड्यूल' फोल्डरात त्या मॉड्यूलच्या 'पॅरामीटर्स'मध्ये किंमत खरंच बदलली का ते बघा.

बदलली नसेल तर मॉड्यूल कर्नलमध्येच, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यातच, शिवलेलं असू शकतं. 'यूएसबीकोअर' असंच आहे. त्याचा 'ऑटोसस्पेंड' उणे १ करायचा, म्हणजे यूएसबी झोपू द्यायचं नाही, तर ते ग्रबच्या (उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नल ओळीत लिहावं लागतं. फाइलमध्ये कितीही वेळा लिहा, कुणी वाचणार नाही.

दोन नेहमीच्या अडचणी. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ची केबल लावली की क्षणभर दिसते आणि गायब होते: 'बीआरएलटीटीवाय' नावाचा ब्रेल पडद्यासाठीचा प्रोग्रॅम ती आपली समजून पळवतो. लॅबमध्ये ब्रेल यंत्र कुणी वापरत नसेल तरच तो काढा. पोर्ट दिसतो पण परवानगी नाकारली जाते, तर विद्यार्थ्याच्या खात्याला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा आत या. वायफाय तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या 'डीफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन' फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिहा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवता येते का?

येते, पण विंडोजमधून नाही. ती सोय लॅपटॉप कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये आणि त्यासोबतच्या ॲपमध्ये असते. फॉरमॅटनंतर ते ॲप न टाकल्याने ती हरवल्यासारखी वाटते. उबुंटूवर, लॅपटॉपने साथ दिली तर, 'पॉवर सप्लाय' फोल्डरातल्या बॅटरीच्या 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड'मध्ये ८० लिहा.

ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारं सॉफ्टवेअर टाकू का?

नको.

विंडोज अपडेटनंतर सगळी सेटिंग पुन्हा मूळ पदावर गेली.

नवा ड्रायव्हर बसला की 'ॲडव्हान्स्ड'मधले बदल बहुधा पुसले जातात, म्हणून वर फोटो काढायला सांगितलं. 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक' करा. ते फिकट असेल तर जुनी प्रत उरलेली नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून (संगणकाचे नियम ठरवायची खिडकी) 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' चालू करता येतं. होममध्ये ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, तिथे 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' ठेवून बघा.

सगळं व्यवस्थित चालत असेल त्या दिवशीच ड्रायव्हरची प्रत काढून ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. फोनवर सांगावं तसं सांगायचं तर: पीएनपीयूटिल, जागा, स्लॅश एक्स्पोर्ट डॅश ड्रायव्हर, जागा, ताऱ्याची खूण, जागा, पेनड्राइव्हवरच्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर तिथे उतरतात. फॉरमॅटनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज', तोच फोल्डर, 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण. पेनड्राइव्हवर संगणकाचं मॉडेल आणि तारीख लिहून ठेवा. एकाचे ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलवर टाकण्यातूनच पुढच्या महिन्याची तक्रार जन्माला येते.